‘द बटरफ्लाय’ किती जुनी? टॉमी पॉट्स यांच्या स्लिप जिगची घडण आणि ती व्हायोलिनवर बसवण्याची रीत

प्रश्न असा आहे: ‘द बटरफ्लाय’ ही आयरिश धून बहुतेक ठिकाणी ‘प्राचीन सेल्टिक लोकधून’ म्हणून दिलेली असते. ती खरोखर कुठली, किती जुनी, कोणत्या रागाच्या जवळची, आणि हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन शिकलेल्याने ती कशी बसवावी?

आधी वयाचं सांगतो, कारण बाकीचं त्यावरून उलगडतं. ही धून प्राचीन नाही. आज जगभर वाजते ते तिचं रूप विसाव्या शतकातलं आहे आणि ते डब्लिनचे फिडलवादक (फिडल म्हणजे व्हायोलिनच) टॉमी पॉट्स (१९१२–१९८८) यांच्या हातून आलेलं आहे. मात्र त्यांनी ती कोऱ्या पाटीवर लिहिली असंही नाही. आधीपासून वाजत आलेल्या दोन स्लिप जिगांचा (नऊ मात्रांच्या आयरिश नाचधुनांचा) ऐवज घेऊन त्यांनी ती जुळवली, आणि त्यांतल्या एकीचं नाव ‘स्किन द पीलर्स’. पीलर्स म्हणजे पोलीस. रॉबर्ट पील यांनी १८१४ मध्ये आयर्लंडमध्ये पोलीस दल उभं केलं, तेव्हापासून हे टोपणनाव चिकटलं. फुलपाखरू पाहता पाहता धून सुचली अशी गोष्टही सांगतात, ती गोष्ट म्हणूनच ऐकावी. जुन्या धुनांचे तुकडे उचलणं, जोडणं, वळवणं हे आयरिश संगीतात नेहमीचंच आहे. म्हणून ‘पारंपरिक की रचलेली’ या प्रश्नाला इथे एका शब्दात उत्तर देता येत नाही. ऐवज परंपरेचा, घडण पॉट्स यांची, असं म्हणणं सर्वांत खरं.

पॉट्स यांच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. वडील जॉन पॉट्स वेक्सफर्ड भागातले इलन पाइप्स वाजवणारे. ही पाइप तोंडाने फुंकत नाहीत, कोपराखालच्या भात्याने हवा भरतात. डब्लिनच्या कूम या वस्तीतलं त्यांचं घर म्हणजे गावोगावच्या वादकांचा अड्डा होता. भाऊ एडी पाइप्स वाजवायचे, आणि पुतण्या शॉन पॉट्स पुढे ‘द चीफ्टन्स’ या विख्यात वाद्यवृंदाच्या संस्थापकांपैकी एक झाला. टॉमी काही काळ डब्लिनच्या अग्निशमन दलात नोकरीला होते. नाच आणि मैफिलींवर पोट नसल्याने नाचणाऱ्यांच्या पायांसाठी ठेका सरळ ठेवायची सक्ती त्यांच्यावर नव्हती. त्यांच्या हयातीत एकच मोठी ध्वनिमुद्रिका निघाली, ‘द लिफी बँक्स’, १९७२ साली, क्लॅडा रेकॉर्ड्सकडून. लिफी ही डब्लिनमधून वाहणारी नदी. त्या मुद्रिकेत ते ओळखीच्या धुना मध्येच थांबवतात, वाक्य लांबवतात, अपेक्षित सुरावर न उतरता दुसरीकडेच जातात. पाश्चात्त्य अभिजात संगीत आणि जाझ त्यांनी मन लावून ऐकलं होतं, ते तिथे जाणवतं. संगीतकार मीहॉल ओ सूलिव्हॉन यांनी १९८७ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात पीएचडी केली ती पॉट्स यांच्या वादनावरच.

असा कलंदर वादक आणि त्याची सर्वांत लोकप्रिय झालेली धून मात्र इतकी सोपी की नवशिके पहिल्या वर्षात शिकतात, हा योग मला फार सुंदर वाटतो. ती पसरली त्याला मोठं कारण म्हणजे ‘द बॉथी बँड’ या आयरिश वाद्यवृंदाची १९७५ ची पहिली ध्वनिमुद्रिका. त्यात टॉमी पीपल्स यांचं फिडल, मॅट मॉलॉय यांची बासरी आणि डोनल लनी यांचं बुझुकी (लांब मानेचं तंतुवाद्य) आहे, आणि तिथून ‘बटरफ्लाय’ आयर्लंडबाहेरच्या पबांमध्ये पोचली. पुढे २००५ मध्ये ‘सेल्टिक वुमन’ या आयरिश गायिकांच्या गटाच्या कार्यक्रमातून मॉरेड नेस्बिट यांनी रंगमंचावर फिरत फिरत ती वाजवली आणि यूट्यूबवर तीच आवृत्ती बहुतेकांच्या समोर येते. ‘प्राचीन सेल्टिक’ हा शिक्का अशा झगमगीत सादरीकरणांबरोबर आला. पॉट्स यांनी तसं कधी भासवलं नव्हतं.

आता धून. स्लिप जिग हा आयरिश नाचाचा एक प्रकार आहे, नऊ मात्रांचा. पण नऊ म्हणजे दोन-तीन-चार असे विषम खंड नव्हेत. तीन-तीन-तीन असे तीन समान खंड, आणि पाय तीनदा पडतो. हा नाच मऊ बुटांवर, घसरत, उडत केला जातो. स्पर्धांमध्ये तो बराच काळ मुलींचा आणि बायकांचा मानला गेला. ‘बटरफ्लाय’चे तीन भाग आहेत. प्रत्येक भाग चार आवर्तनांचा, प्रत्येक दोनदा वाजतो. म्हणजे एका पूर्ण फेरीत चोवीस आवर्तनं.

खाली भातखंडे पद्धतीच्या जवळ जाणारी लिपी देतो. सा म्हणजे पांढरी तीन (पाश्चात्त्य ई). प्रत्येक ओळ एक आवर्तन, उभी रेघ खंड वेगळे करते, आणि ‘–’ म्हणजे आधीचा स्वर एक मात्रा लांबवायचा. गंधार आणि निषाद सगळीकडे कोमल आहेत, म्हणून वेगळी खूण केलेली नाही. नि़ म्हणजे मंद्रातला. अनुस्वार असलेले स्वर तारातले.

पहिला भाग:
प – सा | ग – सा | रे – –
प – सा | ग – सा | रे सा नि़
प – सा | ग – सा | रे – –
प – नि | नि – प | म रे नि़

दुसरा भाग:
प – नि | सां – रें | गं – –
प – नि | गं – सां | नि प म
प – नि | सां – रें | गं – मं
पं – मं | गं – सां | नि प म

तिसरा भाग:
प – – | प – म | ग – म
प – – | प म प | नि प म
प – – | प – म | ग – म
प – नि | गं – सां | नि प म

हे नीट न्याहाळलं की धुनेची घडण समजते. पहिली गोष्ट, तिन्ही भाग पंचमावर सुरू होतात आणि एकही भाग षड्जावर संपत नाही. पहिला मंद्र निषादावर टांगता राहतो, दुसरा-तिसरा मध्यमावर. त्यामुळे धून स्वतःहून थांबतच नाही, प्रत्येक शेवट पुढच्या पंचमाकडे ढकलतो. आयरिश वादक अशा धुना लागोपाठ तीन वेळा फिरवतात आणि कुणाला थांबावंसंच वाटत नाही, त्याचं रहस्य हे आहे. अगदी शेवटच्या फेरीनंतर मात्र एक जादा षड्ज लावावा लागतो, नाहीतर ऐकणाऱ्याला वादक मध्येच उठून गेला असं वाटतं.

दुसरी गोष्ट, ‘नि प म’ हा तुकडा चार वेळा येतो, आणि दुसऱ्या भागाचं दुसरं आवर्तन जसंच्या तसं तिसऱ्या भागाचा शेवट म्हणून पुन्हा येतं. पहिल्या भागाचा चेहरा वेगळा आहे, दुसरा-तिसरा एकमेकांचे सख्खे. दोन धुनांतून जुळवलेली म्हणतात तिचा सांधा कानाला मला इथेच जाणवतो.

तिसरी गोष्ट, रागाच्या प्रश्नाचं उत्तर: धैवत कुठेही नाही. सा रे ग म प नि, सहाच स्वर. धैवत शुद्ध असता तर काफी थाट म्हटलं असतं, कोमल असता तर आसावरी. तो नसल्यामुळे धून दोन्हींच्या उंबरठ्यावर उभी राहते. अनेकजण ‘हा तर भीमपलासी’ म्हणतात. तो भास ग-म-प-नि या संगतीचा आहे. भीमपलासीच्या आरोहात ऋषभ वर्ज्य असतो, इथे दुसरा भाग ‘सां रें गं’ असा सरळ ऋषभावरून चढतो आणि अवरोहात धैवताचा पत्ता नाही. गंमत म्हणजे तिसऱ्या भागातून ऋषभही निघून जातो. उरतात सा ग म प नि, म्हणजे नेमके धानीचे पाच स्वर. तरीही धुनेला धानी किंवा भीमपलासी म्हणून विस्तारायला जाऊ नका. इथे आलाप-बढत नाही, न्यासाचे (कोणत्या स्वरावर थांबायचं याचे) नियम नाहीत, आणि ज्या मध्यम-निषादावर वाक्य थांबतं तिथून षड्जाची ओढ लावली की धुनेतला ढकलण्याचा जोर निघून जातो. तानपुरा लावून सराव करायला हरकत नाही, पण वाजवताना बंद ठेवा.

व्हायोलिनच्या जुळणीकडे येऊ. आयरिश फिडल म्हणजे तेच व्हायोलिन. वेगळं वाद्य नव्हे. फरक जुळणीचा आणि हाताचा. तारा जाड बाजूने पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन अशा लावतात, तिसरी तार ४४० हर्ट्झला. तुमचं वाद्य सा-प जुळणीत खाली उतरवलेलं असेल तर त्याच तारा एकदम चढवू नका. त्या तणावासाठी निवडलेल्या नसतात, तुटतात, आणि तारा पेलणारी घोडीही पुढे झुकते. साध्या पाश्चात्त्य जुळणीचा नवा संच घाला, एक-एक तार थोडी थोडी चढवा, दर वेळी घोडी बाजूने पाहून सरळ करा. सा-प जुळणीवरही ही धून निघते आणि पंचम-षड्ज मोकळ्या तारांवर छान गुंजतात, पण तारातला पंचम गाठायला हात वर सरकवावा लागतो. मूळ जुळणीत सगळी धून हात न हलवता पहिल्या जागेवर बसते.

मूळ जुळणीत पहिल्या भागाची एक खुबी आहे. मध्य पंचम पांढरी सहाच्या तारेवर पहिल्या बोटाने येतो, मध्य षड्ज शेजारच्या पांढरी दोनच्या तारेवर, तोही पहिल्याच बोटाने, त्याच रेषेत. म्हणून पहिलं बोट दोन्ही तारांवर आडवं टेकवून ठेवायचं आणि ‘प – सा | ग – सा | रे’ संपेपर्यंत उचलायचंच नाही. गंधार तिसऱ्या बोटाने, ऋषभ दुसऱ्याने. जो प्रत्येक स्वराला पहिलं बोट उचलून पुन्हा ठेवतो त्याची लय मिनिटाला साठ टाळ्यांच्या पुढे अडखळते, आणि षड्ज दर वेळी थोडा वेगळा लागतो.

दुसरा सापळा दुसऱ्या बोटाचा. पांढरी दोनच्या तारेवर ते तिसऱ्या बोटाला चिकटून बसतं (ऋषभ). पांढरी तीनच्या तारेवर गेलं की तेच बोट पहिल्याला चिकटायला हवं, कारण तिथे तार गंधार दुसऱ्या बोटावर आहे. पहिला भाग आठ वेळा घोटून दुसऱ्यात शिरलं की बोट सवयीने उंच पडतं, गंधार शुद्ध होतो आणि सगळा रंग बिघडतो. पहिल्या भागाचा शेवट आणि दुसऱ्याचं पहिलं आवर्तन एवढाच जोड वेगळा घोटा. मधल्या, पांढरी सहाच्या तारेवर दुसरं बोट लागतच नाही. वर्ज्य धैवताची जागा तीच. चौथ्या बोटाने येणारा तार पंचम बहुतेकांचा उतरतो. तो मोकळ्या तारेच्या षड्जाशी ताडून पाहा.

गज ही सर्वांत मोठी अडचण. धुनेत दीर्घ-ऱ्हस्व अशी जोडी सतत येते, दोन मात्रांचा स्वर आणि मग एकाचा. दीर्घ स्वर खाली ओढून आणि ऱ्हस्व वर ढकलून वाजवला तर अर्ध्या वेळात तेवढाच गज परत आणावा लागतो, त्याचा वेग दुप्पट होतो आणि ऱ्हस्व स्वर ओरडतो. ‘प – साSS, ग – साSS’ असं ऐकू येतं. उपाय असा: ऱ्हस्व स्वर पुढच्या दीर्घ स्वराला एकाच गजात जोडायचा. पहिल्या आवर्तनात पंचम खाली, ‘सा-ग’ एका गजात वर, ‘सा-रे’ एका गजात खाली. पुढच्या आवर्तनाचा पंचम आपोआप वर येतो. तिथे ‘सा-ग’ खाली, ‘सा-रे’ वर, आणि उरलेले ‘सा नि़’ एका गजात खाली. जोडलेले स्वर सगळे एकाच तारेवर असल्याने गजाला तार बदलायची घाई नाही. खंडाच्या पहिल्या स्वरावर तर्जनीने किंचित दाब द्या, झटका नको. गज मधल्या भागात ठेवा आणि एका दीर्घ स्वराला वीतभरसुद्धा नको.

लय बसवताना दर खंडाला एक टाळी धरा. सुरुवात मिनिटाला ६० टाळ्यांवर, मग ८०, आणि मैफिलीतली चाल साधारण १०५ ते १२०. ११० ला पूर्ण फेरी सुमारे चाळीस सेकंदांत होते, घड्याळ लावून पाहा. दादऱ्याची सवय असलेला हात सहा मात्रांवर समेची वाट पाहतो आणि तिसरा खंड उपरा वाटतो. मग नकळत तो खंड आखडतो किंवा पुढे एक खंड जास्तीचा घुसतो. यासाठी व्हायोलिन बाजूला ठेवून वरची लिपी तोंडाने म्हणत तीन पावलं टाकत चाला. तिन्ही पावलं सारखी पडू लागली की वाद्य घ्या. ‘नि प म’सारख्या सुट्या तिन्ही स्वरांना अगदी समान वेळ देऊ नका. पहिला किंचित लांबतो, मधला किंचित आखडतो. किती, हे लिहून सांगता येत नाही, बॉथी बँडच्या मुद्रणाबरोबर हळू आवाजात वाजवूनच ते अंगवळणी पडतं.

अलंकरणात हिंदुस्थानी हात सर्वाधिक अडखळतो. मींड, गमक, आंदोलन यांपैकी काहीही इथे लावू नका. आयरिश ‘कट’ आपल्या कणस्वरासारखा दिसतो, पण कणाला स्वतःचा सूर असतो, कटाला तो नको. वरचं बोट तारेला नुसतं टिचकी मारल्यासारखं लागून उठतं, तार फळीपर्यंत दाबली जात नाही. सूर ऐकू आला तर बोट जास्त वेळ राहिलं असं समजा. ‘रोल’ म्हणजे एकाच स्वराचे तीन घास: मूळ स्वर, वरून कट, पुन्हा मूळ स्वर, खालून टिचकी, पुन्हा मूळ स्वर, सगळं तीन मात्रांत आणि एका गजात. पहिल्या भागातला ‘रे – –’ आणि तिसऱ्यातला ‘प – –’ या त्याच्या नैसर्गिक जागा. ऋषभाच्या रोलला वरून तिसऱ्या बोटाचा कट, खालून पहिलं बोट तारेवर आहेच, दुसरं क्षणभर उचललं की झालं. घाई झाली की रोल पहिल्या मात्रेतच कोंबला जातो आणि उरलेल्या दोन मात्रा रिकाम्या पडतात. मूळ स्वर आधी ऐकू द्या, मगच कट.

प्रत्येक ‘प – –’ला रोल मात्र नको. एकदा रोल, एकदा साधा दीर्घ स्वर, एकदा मोकळ्या तारेचा आधार घेऊन जोडस्वर, अशी अदलाबदल करा. तिसऱ्या भागात पंचम सारखा सारखा येतो, तिथे हा फेरबदल नसेल तर धून सपाट होते. दुसऱ्या भागात उलट सजावट कमीत कमी ठेवा. पंचमापासून तार पंचमापर्यंतची चढण स्वतःच पुरेशी आहे. कंपनयुक्त, स्वप्नाळू, संथ ‘बटरफ्लाय’ समाजमाध्यमांवर भरपूर सापडते, पण त्यात नाच मरतो. पॉट्स लय सैल सोडायचे हे खरं, पण त्यांची सैल लय नाचाची चाल पूर्ण पचवलेल्या माणसाची आहे. आधी सरळ वाजवा.

साथीला गिटार असेल तर वादकाला धैवताची गोष्ट आधी सांगा. धुनेत धैवत नसला तरी साथीच्या स्वरसंघातून (कॉर्डमधून) तो शिरतो. सी मेजर लावला की कोमल धैवत येतो आणि धून उदास होते, ए मेजर लावला की शुद्ध धैवत येऊन ती उजळते. दोन्ही चालतात. एकाच फेरीत दोन्ही मिसळले तर कान गोंधळतो. निर्णय होत नसेल तर ई मायनर, डी आणि जी एवढ्यावरच भागवावं, त्यांत धैवत नाही. तबल्यापेक्षा बोधरान हे आयरिश चामडी वाद्य किंवा नुसता पायाचा ठेका बरा. ठेका भरगच्च झाला की नऊ मात्रांचा तरंगता डौल दबतो.

तीन फेऱ्यांनंतर दुसऱ्या धुनेत जायचं असेल तर ‘द किड ऑन द माउंटन’ ही स्लिप जिग याच षड्जावर आहे, जोड सहज होतो. तिचे भाग पाच आहेत. ‘बटरफ्लाय’च्या शेवटच्या मध्यमावरून जादा षड्ज न लावता थेट तिच्यात उडी घ्यायची.

वाजवून कुठे टाकणार असाल तर वर्णनात ‘पारंपरिक’ एवढंच लिहून सोडू नका. पॉट्स १९८८ मध्ये वारले. रचनाकाराच्या निधनानंतर भारतात साठ वर्षं आणि आयर्लंडमध्ये सत्तर वर्षं स्वामित्वहक्क टिकतो, म्हणजे या धुनेवर त्यांचा हक्क धरला तर तो अनुक्रमे २०४८ आणि २०५८ अखेरपर्यंत आहे. पैसे मिळणारं ध्वनिमुद्रण करणार असाल तर परवानगीची चौकशी आधी करा. घरगुती ध्वनिफितीखालीही ‘द बटरफ्लाय, स्लिप जिग, टॉमी पॉट्स, डब्लिन’ एवढं लिहा. ऐकताना ‘लिफी बँक्स’ शेवटी ऐका, बॉथी बँड आधी. सरळ चाल कानात पक्की बसल्यावरच पॉट्स ती कुठे आणि का मोडतात ते कळतं.